शिंगरांना सुई, स्वतःला हळद

आता मी ओरडले तरी चालेल, गजू. डॉक्टरांची हरकत नाही, नर्सची नाही, आणि तुला तर कसलाच त्रास व्हायचा नाही. सहा दिवस त्या अंधाऱ्या खोलीत मला कुजबुजायला लावलंस. मला, तीस वर्षं मुलींच्या शाळेत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणाऱ्या बाईला. दाराला काळा पडदा, खिडकीवर कागद डकवलेले, आणि आत जाताना नर्स ओठांवर बोट ठेवायची, 'माताजी, धीरे. आवाज से झटका आता है.' एकदा माझ्या हातातला पेला स्टुलावर जरा जोरात टेकला, तर तुझी पाठ गादीवरून वर उचलली गेली, नुसती टाच आणि डोकं टेकलेलं. ते बघितल्यावर मी हातातल्या बांगड्यासुद्धा काढून पदराला बांधल्या, आणि पोटात जे साठलं होतं ते सगळं गिळून बसले. काल तुझं तेरावं झालं, आलेगेले पांगले. आता तुझी थोरली बहीण काय म्हणते ते मुकाट्याने ऐक.

तू धनुर्वाताने गेलास. तू. इथे बनारसात गलीतली माणसं येऊन विचारतात, गजाननला झालं तरी काय होतं, आणि मला सांगायची लाज वाटते. घोडीवरून पडून गेला असतास तर मी ताठ मानेने सांगितलं असतं. दहा वर्षं गंगेपलीकडे, रामनगरच्या पुढे, त्या तीन बिघे जमिनीत तू शर्यतीच्या जातीची शिंगरं वाढवलीस. थरोब्रेड, थरोब्रेड म्हणून छाती काढून सांगायचास. शिंगरू जन्मलं की पहिलं काम त्याच्या नाळेला आयोडीन. मग वेळच्या वेळी धनुर्वाताची सुई, शिंगराला आणि आईला, एक दिवस मागे नाही की पुढे नाही. 'अक्का, घोडी असतात तिथल्या मातीत हा रोग असतोच. लिदीतून येतो. एवढासा खिळा पुरतो बघ,' हे मला कुणी शिकवलं? मी भूगोल शिकवणारी बाई, मला काय ठाऊक होतं. त्या सुईच्या बाटल्या गार ठेवायच्या म्हणून माझ्या फ्रिजच्या दारात, लोण्याच्या वाटीशेजारी ठेवायचास. पाहुणे विचारायचे, घरात कुणाला डायबिटीस आहे का. मी सांगायची, नाही हो, घोड्यांना सुया द्यायच्यात. तू हॉस्पिटलात पडला होतास त्या दिवसांतही त्यातल्या दोन तिथे होत्या. सकाळी लोणी काढायला दार उघडलं आणि समोर त्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी मुलींना शंभरदा फळ्यावर लिहून दिली, पण तिचा असा नमुना माझ्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं.

आणि खिळा घुसला कसा, तर साहेब अनवाणी होते. तुझ्या तबेल्यात आम्हा कुणाला चपलेत पाऊल टाकायची मुभा नव्हती, पायभर बूट पाहिजेत. मला तू गोदौलियाच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणून दिलेस, नऊवारी नेसणाऱ्या आपल्या आत्यालासुद्धा तेच घालायला लावलेस. तुझा गडी रामधनी एकदा चपलेत आला तर त्याला फाटकाबाहेर उभा केलास. आणि तू स्वतः? बाहेर चपला काढून, पाय धुऊन आत. का, तर तात्यांनी शिकवलं होतं, जिथे अन्न शिजतं आणि जिथे जन्म होतो तिथे पायात काही घालून जायचं नाही. अरे, तात्यांनी हे स्वयंपाकघराबद्दल सांगितलं होतं, बाळंतिणीच्या खोलीबद्दल सांगितलं होतं. ते वेदपाठी ब्राह्मण, राजा घाटापलीकडे त्यांचं जग नव्हतं, घोड्याच्या तबेल्यात त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नाही. तुझ्याशी वाद घालून मी थकले. 'अक्का, तुम्ही पाहुणे, तुम्हाला बूट. माझं हे देवघर आहे.' देवघरात नालांचे खिळे पडलेले असतात का रे, शहाण्या?

तुझी ही हुशारी उगाळत बसायला मला वेळ नाही खरं तर. पुण्याचे परांजपे आलेत. काल, तेराव्याच्या पानावरून लोक उठत होते आणि हे दारात. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. 'गजाननराव इकडे आलेत का? फार्मवर कुलूप दिसलं,' असं विचारत उभे राहिले. मी सांगितलं तेव्हा बिचारे पायरीवरच बसले. ते सायलीला न्यायला आलेत, तुझ्या त्या दीड वर्षाच्या बछेडीला. उद्या सकाळी मला त्यांना हो किंवा नाही सांगायचंय, कारण आता तिची मालकीण मी. तिच्यावरून आपण भांडलो आणि ते भांडण तसंच टाकून तू गेलास. येताना ते तुझा एक कागदही घेऊन आलेत. त्याच्याबद्दल सांगते, पण आधी बाकीचं ओकून टाकू दे.

लहानपणी नाव गजानन आणि वेड घोड्यांचं, म्हणून आई तुला चिडवायची. दसऱ्याच्या दिवसांत रामनगरला घोडी सजवून काढायचे, तेव्हा तू नावेत बसून पळायचास आणि संध्याकाळी शेणामातीने भरून परत यायचास. मार तू खायचास आणि रडायची मी. मग मोठा झालास आणि पुण्याकडच्या एका स्टडवर, घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर, कोठीवाला म्हणून लागलास. भिक्षुकाच्या घरातला मुलगा घोड्यांच्या चंदीचा हिशेब ठेवायला गेला, म्हणून तात्या वर्षभर तुझ्याशी बोलले नाहीत. तिथे तुझ्या मराठीला लोक हसायचे, 'अहो, हे बनारसचे पंडित, यांचं निम्मं मराठी हिंदीत.' तू पत्रात तेही हसत लिहायचास. वीस वर्षं. आईचं मी केलं, तात्यांचं मी केलं. तू मनीऑर्डर पाठवलीस, घोड्यांचे फोटो पाठवलेस. तेही मी समजून घेतलं, माणसाला पोटासाठी जावं लागतं.

पण परत आलास तो गंगेच्या पलीकडे. हे मी समजून घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. स्टडवाल्यांनी एक घोडी काढून टाकली होती, शेवंती, अकरा वर्षांची. दोन वर्षं तिला पोर राहिलं नव्हतं आणि राहिलं तेव्हा कुणाला भरवसा नव्हता. ती तू मागून घेतलीस आणि मालगाडीच्या डब्यात तिच्याशेजारी बसून, गवतावर झोपत, मुघलसरायपर्यंत आलास. माझ्यासाठी तू कधी रिझर्व्हेशन करून आला नव्हतास. मी स्टेशनवर आले होते आठवतं? चार पुडांचा डबा घेऊन. तू म्हणालास, 'अक्का, आधी पाणी. मला नाही, हिला.'

हे सगळं खरं, आणि त्या फाल्गुनातली ती सकाळही खरी. ती मी नाकारत नाही, म्हणून तर जास्त संताप येतो. उजाडताना तू सायकल मारत गंगेवरच्या तरंगत्या पिप्यांच्या पुलावरून आलास, दाराची कडी वाजवलीस आणि म्हणालास, 'चल, आहे तशी चल.' मी अर्धी वेणी घातलेली, तशीच निघाले. शेवंतीचं इथलं पहिलं शिंगरू गवतात पडलं होतं, ओलं, सगळे पायच पाय. ते उठायला बघायचं आणि पडायचं. पुढचे दोन पाय एकीकडे, मागचे भलतीकडे. मी मदतीला हात पुढे केला तर तू माझं मनगट धरलंस. 'नको. त्याचं त्याला उठू दे.' सहाव्या का सातव्या खेपेला ते उभं राहिलं, थरथरत, आणि आईच्या पोटाशी चुकीच्या जागी दूध शोधायला लागलं. तू रडत होतास. मी तुला तात्या गेले तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. माझ्या कोरड्या जन्मात असं काही बघायला मिळालं ते तुझ्यामुळे, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुझ्या कपड्यांना जवसाचा वास येतो, न्हाणीत टाक, एवढंच बोलले.

त्या दिवसापासून मी तुझी कामाची पद्धत बघत आले. इतरांची शिंगरं मोकळी हुंदडत मोठी होतात आणि मग नालबंद आला की लाथा झाडतात. तू दुसऱ्या दिवसापासून पाय हातात घ्यायचास. सकाळी चार, संध्याकाळी चार. उचलायचं, खूर पुसायचं, तळव्याला लाकडी पळीने हळूच टकटक करायचं, म्हणजे पुढे हातोडीची भीती राहत नाही. ती पळी माझ्या आमटीची. दोन महिने मी मोलकरणीवर आळ घेत होते. पाय बघताना तू गप्प असायचास, भेग, खडा, सूज, काही नजरेतून सुटायचं नाही. दहा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांचे पाय हातात घेऊन बघितलेस रे. स्वतःच्या दोन पायांना बघायला किती वेळ लागला असता?

आता भांडणाचं. सायली जन्मली तेव्हा शेवंती वीस वर्षांची झाली होती. तू स्वतःहून म्हणालास, मी विचारलं नव्हतं, 'अक्का, हिचं हे शेवटचं. हे विकलं की मी अलीकडे येतो. म्हातारीला रामधनी बघेल, मी सकाळी जाऊन येत जाईन.' मी वरची खोली रंगवून घेतली. कापूस पिंजून नवी गादी भरून घेतली, मच्छरदाणी शिवली. एकसष्ट वर्षांच्या बाईने घरात माणूस येणार म्हणून इतकं हुरळून जाणं शोभत नाही, पण गेले. आणि वैशाखात एका रविवारी, कढीभाताचा घास घेता घेता तू म्हणालास, 'परांजप्यांना नाही म्हणून कळवलं.'

'काय नाही?'

'सायली नाही देत. ठेवतो तिला. अगं, तिची चाल बघितलीस का तू? अशी घोडी शेवंतीने आजवर दिली नव्हती. हिच्यापासून पुढे...'

'पुढे म्हणजे आणखी दहा वर्षं.'

'असं कुठे म्हटलं मी.'

'आणि वरची खोली?'

'खोली कुठे पळून जाते, अक्का.'

मी तुला जेवू दिलं. जेवताना माणसाला बोलू नये एवढं मला कळतं. मग तुझं ताट घासलं, पुसलं आणि फडताळात सगळ्यात मागे सरकवलं. 'यापुढे रविवारी येऊ नकोस,' म्हटलं. 'तुला घोड्यांबरोबर जगायचंय, त्यांच्यातच जेव.' तू 'बरं' म्हणालास. एवढंच, बरं. सायकल हातात धरून गलीतून गेलास, वळून बघितलं नाहीस. भांडला असतास तर मी तासाभरात विरघळले असते. पण तुझं ते 'बरं' तात्यांसारखं, पालथ्या घड्यावर पाणी. मी अबोला धरला.

पुढचं मला रामधनीकडून कळलं. चौथ्या दिवशी नालबंद येऊन गेला, एक जुना खिळा गवतात राहिला, आणि तुझ्या त्या देवघरात तो तुझ्या उजव्या तळव्यात गेला. तू तो उपटलास, हळद आणि तेल गरम करून भरलंस, वरून फडकं बांधलंस. रामधनी म्हणाला, भइया, सुई लगवा लीजिए. तर तू म्हणालास, 'मी काय शिंगरू आहे?' हसलास म्हणे वर. आणि त्याला दम भरलास की दीदीला यातलं अक्षर कळता कामा नये, ती गंगा ओलांडून ओरडायला येईल. आले असते रे. कान धरून तुला रामनगरच्या दवाखान्यात बसवलं असतं आणि पुढचा अर्धा जन्म ऐकवलं असतं. तेवढं तुला सहन झालं नसतं का?

मग एका सकाळी रामधनी धावत आला, 'दीदी, भइया का मुँह नहीं खुल रहा.' त्याला कळलं नव्हतं, मला कळलं. तूच शिकवलं होतंस, आधी जबडा धरतो. टॅक्सीत तू मागच्या सीटवर आडवा, डोकं माझ्या मांडीवर, आणि पुलाच्या पिप्यांवर फळ्या खडखडल्या की तुझं सगळं अंग ताठायचं. मी ड्रायव्हरला हळू चालव म्हणत होते आणि लवकर चल म्हणत होते. तो बिचारा रडकुंडीला आला.

हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता. सुई भरताना म्हणाला, 'माताजी, यह दवा घोड़े के खून से बनती है. किसी-किसी को सहन नहीं होती, पहले टेस्ट लगाएँगे. इनको घोड़े से कोई तकलीफ तो नहीं?' मला हसू आलं, गजू. त्या खोलीत, तोंडावर पदर दाबून मी हसले आणि ते हसू मला आवरेना. शेवटी नर्सने बाहेर नेऊन बसवलं. तुला ते औषध सोसलं. सोसणारच. पण विष केव्हाच अंगात भिनलं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुला जरा शुद्ध होती. मी तुझ्या तळपायाशी बसले होते, पट्टीकडे बघत. तू दातांतून काहीतरी बोललास. मी वाकले. 'ओरड की,' म्हणालास. जबडा मिटलेला, तरी डोळ्यांत तेच, लहानपणी मार चुकवल्यावर असायचं ते. मला ओरडायची बंदी आणि हा मला चिडवतोय. मी तुझ्या पायावर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, बरा हो, मग बघते तुला. त्यानंतर तू बोलला नाहीस. चार दिवसांनी पहाटे डॉक्टरांनीच पडदा बाजूला केला आणि उजेड आत आला, तेव्हा मी समजले.

एक गोष्ट मी इथवर टाळत आले. मुद्दाम टाळली. तू मला निरोप पाठवला होतास. तोंड मिटायच्या दोन दिवस आधी. मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते, रामधनी खाली उभा. 'दीदी, भइया बुलाए हैं. कहे हैं, एक बार आ जाएँ.' आणि मी वरूनच म्हटलं, कुरडईचा सोऱ्या हातात धरून, 'क्यों, उसके पाँव टूट गए हैं? वह आए.' रामधनीने खिळ्याचं सांगितलं नाही. तू दम भरला होतास ना त्याला. त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि गेला. मी कुरडया पुऱ्या केल्या. दोन दिवस होते हातात. डॉक्टर म्हणाला, आधी आणलं असतं तर वाचले असते असं सांगता येत नाही, पण आधी आणायला हवं होतं. तुझ्यावर मी एवढं तोंडसुख घेते आहे ना, त्यातलं निम्मं माझ्या वाट्याचं आहे. पण निम्मंच. उरलेलं तुझं, ते मी माफ करणार नाही.

तेरा दिवस मी समजत होते की तू पाय दाखवायला बोलावलंस. काल परांजप्यांनी खिशातून तो कागद काढला. तुझं पत्र, तुझं ते वाकडंतिकडं अक्षर. 'परांजपेसाहेब, मागे नाही म्हणून कळवलं त्याची माफी असावी. सायलीला घेऊन जा. अक्काचं बरोबर आहे, तिने फार वर्षं एकटीने काढली. कागदावर सही तिच्यासमोर करीन म्हणतो, तिला बोलावतो आहे.' मी दोनदा वाचलं. मग रामधनीला हाक मारून विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, हो, भइयाने कागदपत्रं काढून, पुसून खाटेवर ठेवली होती. दीदी आली की तिला दाखवायची म्हणून.

असा कसा हरलास? पन्नास वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते असं, मागच्या मागे, परक्या माणसाला पत्र लिहून? माझ्या तोंडावर सांगायला काय झालं होतं? लंगडत आला असतास, दारात उभा राहून 'जिंकलीस, अक्का' म्हणाला असतास, तर मी तुझा पाय बघितला असता. तू भिडस्त आणि मी हेकट, दोघांनी मिळून हे केलं. मला नको होता हा विजय. मला तू वरच्या खोलीत घोरताना हवा होतास.

काल इथवर लिहिलं आणि पेन ठेवलं. आज सकाळी परांजप्यांना घेऊन पलीकडे गेले. तू गेल्यावर पहिल्यांदाच. फाटकापाशी रामधनीला विचारलं, सुई घेतलीस का. म्हणाला, हाँ दीदी, आपके साथ ही तो लगवाई थी. खरंच की, परवाच आम्ही दोघे रांगेत उभे होतो. माझ्या डोक्याचं हे असं झालंय.

परांजपे जाणते आहेत. सायलीला त्यांनी चालवून बघितलं, मानेवरून हात फिरवला, आणि पाय बघायला वाकले तर तिने एकेक खूर आपणहून उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तळवा अंगठ्याने पुसून बघितला. म्हणाले, 'अशी शिकवलेली शिंगरं मोठ्या स्टडवरही मिळत नाहीत हो, ताई. यांना नावं ठेवायला जागा नाही.' मग त्यांनी कागद खाटेवर पसरला आणि पेनचं टोपण काढून माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, 'नाही देत.'

'पण ताई, त्यांचीच इच्छा होती. पत्रात आहे.'

'त्याची इच्छा मला ठाऊक आहे. त्याने ती माझ्यासाठी सोडली होती.'

'आपण या वयात हे सगळं बघणार?'

'रामधनी आहे. मी रोज येईन. पावसाळ्यात पूल काढला की नाव आहे.'

ते समजावू लागले, आणि ते म्हणत होते त्यात चूक काही नव्हतं. तू अलीकडे यावास म्हणून मला ती विकायची होती. आता विकून मी कुणाला अलीकडे आणू? हे मी त्यांना बोलले नाही. तुलाच सांगते आहे. तू विकायला निघालास ना, मग मी ठेवणार. पटत नसेल तर भांड माझ्याशी.

परांजप्यांनी कागदाची घडी केली, हात जोडले आणि रामधनीबरोबर रिक्षा बघायला गेले. मी एकटीच राहिले. ऊन चढलं होतं, सायलीचं पाणी व्हायचं होतं. हातपंपावरून बादली भरून नेली आणि तिच्यापुढे धरली. तिने कान टवकारले, बादली हुंगली, माझा हात हुंगला आणि मान वर करून फाटकाकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, तो नाही येणार गं आता, पी. ती काही पिईना. मी बादली खाली ठेवली नाही. दंड भरून आले, पदर घामाने भिजला, तशीच धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने तिने मान खाली घातली आणि प्यायली.